गाडी मालकाची, कंबर ड्रायव्हरची

वणीला चांदा रोडवर नायकांचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता, आणि त्या कारखान्यात उपाशी ड्रायव्हरचं माप घेत नसत. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, नवा माणूस पाहून लोक आपली फिरकी घेत आहेत. मी नुकताच कळंबहून आलेला पेंटर. ट्रकवर नावं टाकायची, पट्टे मारायचे, मागच्या फाळक्यावर हरीण नाहीतर कमळ काढायचं, हे माझं काम. पहिल्याच दिवशी पाहतो तर आवारात एक नवी कोरी चासी उभी. नुसता सांगाडा आणि इंजिन, ना छप्पर ना दार. तिचा मालक घड्याळ पाहत येरझारा घालतोय, आणि ज्याच्यासाठी केबिन बांधायची तो ड्रायव्हर बाभळीखाली बसून भाकर आणि वांग्याची भाजी हाणतोय. मालक म्हणाला, "अहो, आधी माप घ्या ना. जेवण काय पळून चाललं?"

नायक शांतपणे म्हणाले, "उपाशी माणसाचं माप खोटं असते, शेठजी. हा जेवूनच गाडी चालवते ना? उद्या पोट स्टेरिंगले लागलं त काय पोट रंधू त्याचं?"

त्यांना सगळे नायक म्हणत. बंजारा तांड्याचे खरे नायक वेगळे, यांचे थोरले चुलते; पण कारखान्यात एवढा भेद कोण करतो. त्यांच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर लदेणी केली होती. रेल्वे आली, लदेणी बसली, बापानं तांड्याजवळ शेती धरली आणि यांनी रंधा धरला. "माल वाहणं आमच्या रक्तातच हाय, पेंटर," ते सांगायचे. "पण बैल थकला का बसे खाली. ड्रायव्हर नाई बसत. म्हणून त्याच्याकडं आपल्याले पाहा लागते."

बोलायचे मात्र असे की ऐकणाऱ्याला राग यावा. जो समोर येईल तो बह्याड, म्हणजे खुळा. सुतार बह्याड, लोहार बह्याड, मी तर होतोच, आणि रंधा अडला की रंधाही. एखादं दार मनासारखं बसलं नाही की ते काढून पुन्हा करायचे, पुन्हा बसवायचे, पुन्हा काढायचे, आणि तोवर गाडीचा मालक आवारातच म्हातारा व्हायचा. वेळेवर गाडी दिली असं मी तरी पाहिलं नाही. तरीही लोक त्यांच्याकडेच यायचे, कारण त्यांच्या केबिनमध्ये बसलेला ड्रायव्हर दुसऱ्याच्या केबिनमध्ये बसायला तयार होत नसे.

माप घ्यायची त्यांची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. कारखान्याची मागची भिंत चुन्यानं पांढरी केलेली होती. ड्रायव्हर जेवला, त्यानं हात धुतला, की त्याला भिंतीकडे कूस करून खोक्यावर बसवायचा, हातात एक मोडकं स्टेरिंग द्यायचं, आणि नायक कोळशानं त्याची आकृती भिंतीवर उतरवायचे. पेन्सिल त्यांना चालत नसे. कोळशाच्या खाणींच्या वणीत राहून कोळसा सोडून पेन्सिल विकत घ्यायची म्हणजे त्यांच्या मते माज होता. मग प्रश्न सुरू. तंबाखू कोणत्या हातानं मळतो? चुन्याची डबी कुठं ठेवतो? घरून निघताना मागं वळून पाहतो का? पाहणारा असला तर केबिनच्या मागच्या फळीतली खिडकी मोठी व्हायची. ड्रायव्हर लाजून हसायचे. मालक वैतागले की नायक एकच वाक्य बोलायचे, "गाडी मालकाची, कंबर ड्रायव्हरची," आणि पुन्हा कोळसा उचलायचे.

माझ्याशी ते कसे वागले ते इथेच सांगून टाकतो. छप्पन साली आमच्या घरानं नागपूरला जाऊन धम्म घेतला. तेव्हापासून मी देवाचं चित्र काढत नसे. एका मालकाला केबिनच्या माथ्यावर कळंबचा चिंतामणी गणपती हवा होता. मी नाही म्हटलं, तसा तो उसळला. "कळंबचा पेंटर आणि चिंतामणी काढत नाही? मग कशाला ठेवला याला?" मी रंगाचे डबे आवरायला लागलो. मनात म्हटलं, चला, इथलं दाणापाणी संपलं. नायक आतून आले आणि त्या मालकाला म्हणाले, "शेठजी, भक्ती तुमची, मंग दुसऱ्याच्या हातानं कायले करता? कळंबले जा, दर्शन घ्या, चांगली तसबीर आना. तिले सागाची चौकट मी करून देतो." आणि अशी चौकट करून दिली, वेलबुट्टीची, की मालक खूश. मग नायक फाळक्याकडे पाहून मला एवढंच म्हणाले, "तुहं हरीण लय वाळलं हाय. चारा घाल त्याले काही." त्या दिवशी मला ते फार आवडले, आणि ते आवडणं पुढे कधी कमी झालं नाही.

आता त्यांची चूक. अशी चूक त्याच कारखान्यात होऊ शकत होती. नव्या चासी मोटार कारखान्यातून रस्त्यानंच यायच्या. कारखान्याचेच ड्रायव्हर त्या आणायचे, उघड्या सांगाड्यावर खोकं ठेवून, तोंडाला फडकं गुंडाळून, उन्हातान्हात. चासी पोचवली की ते रेल्वेनं परत. एकदा असाच एक धिप्पाड पंजाबी भरदुपारी चासी घेऊन आला. नायकांना वाटलं, हाच गाडीचा कायमचा ड्रायव्हर. त्यांनी त्याला बाभळीखाली बसवला. त्यांची बायको, तिला आम्ही नायकीण म्हणायचो, तिनं वाढलं. उपाशी माणूस, जेवण गरम. तो कशाला बोलतो? पोटभर जेवला, खोक्यावर बसवलं तिथे बसला, स्टेरिंग दिलं ते धरलं, भिंतीवर आकृती काढून घेतली, नायकिणीच्या पाया पडला आणि स्टेशनवर निघून गेला.

केबिन तयार झाली. मालकाचा खरा ड्रायव्हर आला तो एवढासा. आत बसला तर बाहेरून नुसती टोपी दिसायची. आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या कोणी खाली गादी टाकून गाडी हवाली केली असती. नायक म्हणाले, "गादी घातली त पाय लटकतीन. लटकल्या पायानं ब्रेक लागते का?" आणि खांद्यावर पंचा टाकून ते बाहेर पडले. केबिन तोडायची नाही, केबिनच्या मापाचा माणूसच शोधून आणायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणला की. मुकुटबनकडचा दौलत. ताडमाड उंच, बोलायला कमी, दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर. लायसन्स खिशात पडून होतं, पण कोणत्याही केबिनमध्ये डोकं छताला लागायचं, मान वाकडी करून बसावं लागायचं, म्हणून कुणी मालक हातात गाडी देत नव्हता. या केबिनमध्ये तो बसला आणि पाठ सरळ झाली, तसा हळूच म्हणाला, "हे त माह्याच मापाची हाय." गाडीच्या शेठचं कापसाचं जिन होतं, कोळशाचाही धंदा होता, गाड्या दोन-तीन होत्या. त्यांनी बुटक्याला दुसरी गाडी दिली आणि ही दौलतला. क्लीनरचा ड्रायव्हर झाला तो असा, नायकांच्या चुकीमुळे. नायक मात्र ती चूक कधी कबूल करत नसत. म्हणायचे, "माप बरोबरच होतं. माणूस यायले उशीर झाला."

पुढे एकदा माल उतरवताना फाळका निखळला आणि दौलतच्या उजव्या गुडघ्यावर आला. हाड सांधलं, पण गुडघा वाकेना. पाय कायमचा सरळ राहिला. नायकांनी त्याची सीट तिरकी करून दिली, उजवी बाजू मागे, डावी पुढे, आणि पाठीमागच्या फळ्या मालाच्या हौद्याकडे फुगवून जागा काढली. तसल्या वाकड्या सीटवर बसून दौलत वर्षभर कोळसा चांद्याला नेत होता आणि त्याला कधी काही झालं नाही.

मग ती बातमी आली. ट्रक विकणाऱ्या नागपूरच्या एजन्सीचा माणूस आला, तरुण, चांगला बोलणारा. म्हणाला, मोटार कारखान्याचा पुढचा सगळा बेत ठरलाय. तिथं मोठी नवी शेड उभी राहिली, पत्रा दाबायची यंत्रं आली. आता येणारा नवा ट्रक पहिल्यापेक्षा लांब आणि दणकट, आणि लोखंडी केबिन बसवूनच येणार. पुढे नव्या तऱ्हेची जीपही निघणार. बॉडीवाल्यांनी फक्त मागचा हौदा बांधायचा. ज्याला एजन्सीचं काम हवं त्यानं शेड वाढवायची, गॅसचं वेल्डिंग ठेवायचं, आणि केबिनला हात लावायचा नाही. नवी शेड पाहायला सगळ्या बॉडीवाल्यांना आमंत्रण होतं.

आम्ही दोघं रेल्वेनं गेलो. मला वाटलं होतं, नायक तिथं काहीतरी वेडंवाकडं बोलतील आणि आपली शोभा होईल. पण ते त्या यंत्रापुढं उभे राहिले ते हलेचनात. वरून एक दाब आला की खाली अख्खं दार तयार. पुन्हा दाब, पुन्हा दार. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, "पेंटर, मी अख्खा आठवडा एक दार रंधतो रे." त्यात कुरकुर नव्हती. कुणाचं तरी फार चांगलं काम पाहिल्यावर कारागिराला व्हावा तसा तो आनंद होता.

केबिन जिथं जोडत होते तिथं आत एक लाकडी माणूस बसवला होता, गुडघ्याला कोपराला बिजागऱ्या असलेला. नायकांनी तिथल्या इंजिनिअरला विचारलं, "हा कोणत्या गावचा?" इंजिनिअर हसला, पण चेष्टेनं नाही. म्हणाला, "कुठलाच नाही, बाबा. पुष्कळ लोकांची मापं घेऊन मधलं माप काढलंय. सगळ्यांनाच थोडंथोडं जमेल असं." नायकांनी मान डोलावली. मग वाकून त्या लाकडी माणसाचा उजवा गुडघा दोनदा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "गुडघा चांगला हाय याचा."

परतल्यावर त्यांनी कामाला असा जोर लावला की आम्ही थकलो. छप्पर उंच केलं. गॅससाठी कार्बाइडची टाकी आणली. तिचा वास असा की नायकिणीनं त्यांना चुलीजवळ येऊ देणं बंद केलं. पत्रा कापायला स्वतः शिकले, शिकताना दोन धोतरं जाळली. लांब गाडी आत यायची तर मागची भिंत पाडावी लागणार होती, तीच, ड्रायव्हरांच्या आकृत्यांची. मला वाईट वाटत होतं. म्हटलं, निदान आज नको. तर स्वतःच घण घेऊन पुढं झाले. "कायले रडून राह्यला? मानसं जिती हायेत ना बाहेर?" संध्याकाळपर्यंत भिंत जमिनीवर होती, आणि मोकळ्या जागेत उभे राहून ते कोणती गाडी कुठे लागेल हे हातवारे करून सांगत होते.

पहिला नवा ट्रक आला तो दौलतच्याच शेठचा. जुनी गाडी शेठनं विकली होती. नवी म्हणजे काय सांगू, रंग असा की माझाच जीव जळावा. एजन्सीचा माणूस बरोबर होता. सगळ्यांच्या समोर दौलत वर चढला आणि अडकला. सीट मागच्या पत्र्याला टेकलेली, हलत नाही. पाय वाकत नाही. आडवा बसून पाहिलं, कलून पाहिलं. पाय ब्रेकपर्यंत जाण्याआधीच गुडघा वर स्टेरिंगला अडायचा. पुष्कळ धडपडला बिचारा. शेवटी खाली उतरून बाजूला उभा राहिला. शेठ माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "दौलत, तुले काढत नाही मी. पण गाडी उभी ठेवता येत नाही. क्लीनर म्हणून राह्य याच गाडीवर." दौलत म्हणाला, "बरं."

पुन्हा क्लीनर, आणि तोही तसल्या पायानं.

नायक केबिनच्या मागे गेले, पत्र्यावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "इथून कापतो. मागं कोनाडा काढतो. उजवी बाजू तेवढी मागं सरली का बसते हा."

एजन्सीचा माणूस कळवळून म्हणाला, "नायक, असं करू नका. केबिन कापली की कारखान्याची हमी गेली. आणि ज्यानं कापली त्याच्याकडं आम्हाला पुन्हा गाडी पाठवता येणार नाही. वरून तसा हुकूमच आहे. माझ्या हातात असतं तर मी बोललोही नसतो." तो खरं बोलत होता.

नायक जाऊन फळ्यांच्या ढिगावर बसले. मी जवळ गेलो आणि स्पष्ट बोललो. "नायक, एवढी शेड उभी केली ती याच कामासाठी ना? इथं आठ-दहा घरं चुली पेटवतात. एका पायासाठी सगळ्यांचं काम घालवता?" माझं काही चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

दौलतनं ऐकलं होतं. पाय ओढत आला. "कापू नका, नायक. पेंटरभाऊ बरोबर म्हनते. मी क्लीनर होतो, क्लीनर होतो पुन्हा. त्यात काय?"

नायक उठले. "तुले इचारलं कोनं?" म्हणाले. मग त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जेवला का तू?"

नायकिणीनं आतून ताट आणलं. बाभळीखाली तो मोठा गडी खाली मान घालून जेवला, आणि आम्ही सगळे, शेठ आणि एजन्सीचा माणूससुद्धा, त्याचं होईपर्यंत उभे राहिलो. त्यानं ताट संपवलं, तसा नायकांनी माप घ्यायला कोळसा उचलला.

शेठ म्हणाला, "आणि गाडी बिघडली तर?"

"बिघडली त हा कारखाना तुमचा. पेंटर साक्षीले हाय."

शेठनं थोडा वेळ गाडीकडं पाहिलं, थोडा वेळ दौलतकडं. "कारखाना घेऊन मी काय करू? माझा कोळसा चांद्याला पोचला पाहिजे, बस."

गॅस पेटवला. त्या सुंदर रंगाला फोड आले, तो करपला, आणि मला मान फिरवावी लागली. कापलेल्या पत्र्याचाच नायकांनी कोनाडा ठोकला आणि मागे जोडला. पहिला जोड वाकडा आला. स्वतःलाच बह्याड म्हणत तो त्यांनी सोडवला आणि पुन्हा केला. सीट तिरकी बसवली. दौलत वर चढला, कोनाड्यात कंबर टेकली, पाय सरळ गेला तो ब्रेकवर. शेठ म्हणाला, उभ्या गाडीत काय कळतं, भरलेली पाहू. दुसऱ्या दिवशी कोळसा भरून गाडी नाल्याच्या उतारावर नेली. ती वर दिसली आणि कुणाला काही न सांगता नायक खाली रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मी ओरडलो, शेठ ओरडला; हे आपले कमरेवर हात ठेवून. गाडी धडधडत आली, आणि त्यांच्यापासून चांगली लांब सरळ रेषेत थांबली. नायक चालत गेले आणि वर पाहून म्हणाले, "एवढ्या दूर काहून थांबला, बह्याडा? माह्या कामावर भरवसा नाई?" दौलत स्टेरिंगवर डोकं ठेवून रडत होता.

एजन्सीनं शब्द पाळला. त्यानंतर एकही नवी गाडी आली नाही. एवढी उंच शेड, आणि खाली कधी जुन्या ट्रकचा फाळका बदलायचा, कधी बैलगाडीचं चाक. माणसं एकेक करून चांद्याला, नागपूरला गेली. जाणाऱ्या प्रत्येकासाठी नायक स्वतः हिंडून काम शोधून देत, आणि मग त्याला घालवून देताना शिव्या देत. मी राहिलो शेवटपर्यंत. दौलत कोळसा घेऊन रोज रस्त्यानं जायचा.

एकदा दुपारी त्या रिकाम्या शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. मला राग आला होता, त्यांचाच, कारण त्यांचं हे असं होणं मला पाहवत नव्हतं. मी म्हणालो, "नायक, खरं सांगा. त्या कारखान्याचा राग नाही येत तुम्हाला?"

ते चकित होऊन माझ्याकडे पाहायला लागले.

"राग कायचा? तू पाह्यलं ना ते मशीन? एका दाबात दार. हजारो लोकायसाठी करते ते, लय उंचावरून पाहा लागते त्याले. तिथून एक दौलत नाई दिसत, त्यात त्याचा काय दोष? मी त दौलतच्या बाजूलेच उभा होतो, पेंटर. मले दिसला तो. दिसल्यावर मंग मी काय करू, तूच सांग."